मागच्या सीटवरचा पट्टा

नाताळची सुट्टी जवळ आली की आपल्या सोलापुरात घरोघरी एकच विषय निघतो: यंदा कुठे जायचे? आपले गावच असे चौरस्त्यावर वसले आहे की घराबाहेर पडायला फार निमित्त लागत नाही. हैदराबादच्या वाटेने पन्नासेक किलोमीटर गेले की नळदुर्गचा किल्ला आणि त्यातला पाणीमहाल. विजापूरचा गोल घुमट शंभर किलोमीटरवर. गुलबर्ग्याला ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात सकाळी जाऊन रात्री घरी परतता येते. चार दिवस हाताशी असले तर बदामी, हंपी, गोवा. गोल घुमटाच्या सज्जात लेकराने एका बाजूला भिंतीशी कुजबुजावे आणि पलीकडच्या बाजूला दादीने ते ऐकून हसावे, ही मौज कुठल्याही महागड्या खेळण्यात नाही. तेव्हा सहलीला जाऊ नका, असे या सदरात आम्ही कधी लिहिणार नाही. जरूर जा. मुलांना दुनिया दाखवा.

आज बोलायचे आहे ते फक्त गाडीत बसण्याविषयी.

आपल्याकडे गाडी कशी भरते ते आठवून पाहा. सात आसनांची गाडी ठरते. निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत माणसे सात असतात, सकाळी दहा होतात. "बैठो जी, जगा हो जाती," असे कोणीतरी म्हणते आणि खरोखरच जागा होते. पुढे चालकाशेजारी घरातला मोठा मुलगा किंवा जावई बसतो, कारण त्याला रस्ता माहीत असतो आणि टोलचे पैसे त्याच्याकडे असतात. तो पट्टा लावतो, कारण चौकात पोलीस पुढच्या काचेतून बघतो. मधल्या रांगेत अम्मी, खाला, सून आणि मांडीवर धाकटे. सगळ्यात मागे पोरेटोरे, त्यांच्या पाठीशी बॅगा, पाण्याचा कॅन आणि बिर्याणीची देगची. मागच्या कोणालाच पट्टा नाही. मागे बसलेल्याला कसला धोका, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की मागच्या सीटवर पट्टा मागितला तर लोक हसतात.

म्हणजे होते असे, की घरातली सगळ्यात लाडकी माणसे, म्हातारी आई, पोटुशी सून, तान्हे मूल, ही आपण "सुरक्षित" म्हणून मागे बसवतो आणि त्यांनाच मोकळे सोडतो.

ही समजूत फक्त आपल्या मोहल्ल्यातली नाही. ती मोठ्या घरांतही आहे आणि तिने मोठी माणसे नेली आहेत. 4 सप्टेंबर 2022, रविवारची दुपार. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईकडे परतत होते. गाडी परदेशी बनावटीची, भरपूर महाग, सुरक्षिततेसाठी नावाजलेली. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ती कठड्यावर आदळली. गाडीत चौघे होते. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांच्या शेजारचे जहांगीर पांडोले, दोघेही गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. मिस्त्री तेव्हा 54 वर्षांचे होते.

त्याआधी 3 जून 2014 रोजी आपल्या मराठवाड्याचे गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रात मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. सकाळी सहाच्या सुमारास दिल्लीत ते विमानतळाकडे निघाले होते. चौकात दुसरी गाडी त्यांच्या गाडीवर येऊन धडकली. ते मागे बसले होते, पट्टा नव्हता. गाडीचा चेंदामेंदा झालेला नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते की किरकोळ धडक आहे. पण आतल्या आत यकृताला मार बसला होता आणि रुग्णालयात नेऊनही ते वाचले नाहीत.

या दोन घटनांनंतर वर्तमानपत्रांत पानेच्या पाने लिहून आली. आपण ती वाचली, हळहळलो आणि पुढच्या सहलीला पुन्हा तसेच बसलो.

धडक होते तेव्हा नेमके काय घडते, ते एकदा नीट समजून घेऊ. यात फारसे विज्ञान नाही, शाळेतले गणित आहे. ताशी 50 किलोमीटर हा काही भन्नाट वेग नाही, गावातल्या मोकळ्या रस्त्यावरही गाडी तेवढी पळते. या वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तर गाडी थांबते, पण आतला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा धक्का साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याएवढा असतो. ताशी 100 किलोमीटरला हिशेब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे बारा-तेरा मजले. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आपण लेकराला कठड्याजवळ जाऊ देत नाही. गाडीत मात्र त्याला दोन सीटांच्या मधे उभे करतो, म्हणजे त्याला समोरचे दिसावे.

"मी घट्ट धरते ना त्याला," असे प्रत्येक आई म्हणते. आईच्या प्रेमावर आमचा पूर्ण विश्वास आहे, पण हातांच्या ताकदीला मर्यादा असते. दहा किलोचे बाळ धडकेच्या त्या क्षणी अडीच-तीनशे किलोंच्या ओझ्यासारखे पुढे खेचले जाते. तांदळाची पाच-सहा पोती एकदम निसटावीत, तसे. ते धरून ठेवणे कोणाही माणसाला शक्य नाही. काही जणी आपला पट्टा स्वतःभोवती आणि मांडीवरच्या बाळाभोवती एकत्रच घेतात. ते तर आणखी वाईट, कारण धडकेत आईच्या सगळ्या शरीराचा भार पट्टा आणि आई यांच्यामध्ये सापडलेल्या बाळावर येतो.

आणि मागचा मोकळा माणूस एकट्याचेच नुकसान करून घेत नाही. तो पुढच्या सीटवर आदळतो. पुढे पट्टा लावून बसलेला अब्बा किंवा भाऊ मागून येणाऱ्या या भाराखाली चिरडला जाऊ शकतो. पाण्याचा वीस लिटरचा कॅन, देगची, शेगडी यांनाही हाच नियम लागू. ज्या वस्तू आपण मागे सीटच्या पाठीपेक्षा उंच रचतो, त्या धडकेत मुलांच्या डोक्यावर येतात.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी 16,715 जणांनी पट्टा लावलेला नव्हता आणि या 16,715 मध्ये जवळजवळ निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. कोणाची तरी अम्मी, कोणाची मुले.

आमच्या नात्यातली एक गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, ज्यांची आहे त्यांच्या परवानगीने सांगतो आहोत.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या खालाअम्मींच्या घरची सहल निघाली. गोल घुमट, बदामी, हंपी, असा चार दिवसांचा बेत. मुले महिनाभर आधीपासून वहीत नकाशे काढत होती. ओळखीच्यांची गाडी किलोमीटरच्या हिशेबाने ठरवली होती. माणसे दहा. एक दिवस वाचावा म्हणून रात्री तीनला निघायचे ठरले. शेंगाची चटणी, कडक भाकरी, उकडलेली अंडी, सगळे रात्रीच बांधून झाले होते.

मंद्रूप मागे पडले होते, भीमेचा पूल यायचा होता. गळिताचा हंगाम होता. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. मागच्या ट्रॉलीला दिवा नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती, आणि धुके होते. चालकाला ती दिसली तेव्हा ब्रेकपुरतेच अंतर उरले होते. तेही पुरले नाही.

आम्हाला फोन आला तेव्हा फजरची अजान व्हायची होती. आम्ही रुग्णालयात पोहोचलो, तेव्हा चालक आणि पुढे बसलेला भाऊ दोघे बाकावर बसलेले होते. छातीवर पट्ट्याचे काळेनिळे वळ, एकाचा हात गळ्यात बांधलेला. बस, एवढेच. मधल्या रांगेतल्या खालाअम्मींचे खुब्याचे हाड मोडले होते. मागच्या रांगेतल्या दोन मुलांचे दात आणि एकाची मांडी. सुनेच्या मांडीवर झोपलेली तीन वर्षांची पोर दोन सीटांच्या मधून थेट पुढच्या काचेपर्यंत गेली होती. तिचे अकरा दिवस अतिदक्षता विभागात गेले.

अल्लाहचे लाख लाख शुक्र, सगळे जिवंत आहेत. खालाअम्मी आता काठी घेऊन चालतात, नमाज खुर्चीवर बसून पढतात. पोर पाच वर्षांची झाली, शाळेत जाते, चित्रे छान काढते. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. हाक मारायची तर उजवीकडून मारावी लागते, हे आता सगळ्या घराला सवयीचे झाले आहे. हंपी राहिली ती राहिलीच. तिची आई अजून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलते: "मी झोपले नव्हते, मी तिला धरून होते." खरेच धरून होती. आम्हाला त्यात तिळमात्र शंका नाही. दोष तिच्या हातांचा नव्हता.

त्या रात्रीची आणखी एक बाजू सांगितलीच पाहिजे. त्या ट्रॉलीवरच्या ऊसतोड कामगारांनी, ज्यांची स्वतःची रात्र उसाच्या मोळ्या भरण्यात गेली होती, आपल्या वाकळी आणून जखमींना त्यांत उचलले, मुलांना पाणी पाजले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एकही जण तिथून हलला नाही. त्यांची नावे विचारायचे त्या गडबडीत कोणाला सुचले नाही. खालाअम्मी त्यांच्यासाठी आजही दुआ करतात.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. दिवाळीनंतर थेट मार्चपर्यंत रस्त्यावर ऊस असतो. नेमका हाच लग्नांचा, शाळांच्या सहलींचा, नाताळच्या सुट्टीचा काळ. म्हणून या मोसमात अंधारातला प्रवास टाळणे हा सोलापूरकरांसाठी पहिला नियम असायला हवा. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. चालकाला तीन सेकंद डुलकी लागली तर गाडी 66 मीटर कोणीही न चालवता गेलेली असते.

पहाटेचे तीन ते सहा हे तास सगळ्यात वाईट. 14 ऑगस्ट 2022 रोजी माजी आमदार विनायक मेटे बीडहून रात्रभर प्रवास करून मुंबईकडे चालले होते. पहाटे पाचच्या सुमारास मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि ते गेले. 1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली. 25 प्रवासी मरण पावले. तीही वेळ मध्यरात्रीनंतरची. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात, पण एक दिवस वाचवण्यासाठी रात्र रस्त्यावर काढायची, ही सवय त्यांतल्या किती घटनांच्या मुळाशी असते ते ज्याने त्याने तपासून पाहावे.

झोपेपुढे माणसाचे काही चालत नाही, हे आपल्याला नव्याने शिकायचे कारण नाही. खैबरहून परतताना काफिला रात्रीचा चालून थकला. हुजूर (स.) यांनी मुक्कामाला थांबायला सांगितले आणि फजरसाठी उठवण्याची जबाबदारी हजरत बिलाल (रजि.) यांच्यावर दिली. ते जागत राहिले, नमाज पढत राहिले. पण पहाट जवळ आली तसे उंटाला पाठ टेकून बसले आणि त्यांचाही डोळा लागला. सगळ्यांना जाग आली ती सूर्याच्या उन्हाने. बिलालांसारख्या माणसाला, तेही थांबलेल्या उंटाजवळ, झोप आवरली नाही. मग दिवसभर दुसरे भाडे मारून आलेल्या चालकाला ताशी शंभरच्या वेगात ती कशी आवरेल? "चहा पाजला, आता झोपत नाही," हे म्हणणे आपल्या मनाचे समाधान आहे. आणि काफिला थकल्यावर थांबला होता, हेही लक्षात घ्यावे. प्रवाशाला नमाज कसर करण्याची मुभा आहे, रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. प्रवास माणसाला थकवतो, हे ज्या दीनने ओळखले, त्याच्या अनुयायांनी न थांबता हैदराबाद गाठण्याची शर्यत लावावी, हे आम्हाला तरी जुळत नाही. तवक्कल करायची ती उंट बांधून, हा धडा आपण लहानपणी मक्तबमध्ये शिकलो आहोत. गाडीत बांधायची वस्तू समोर लोंबत असते.

ती लोंबत असते, पण लागत नाही. त्याचे एक अगदी साधे कारण आमच्या पाहण्यात आले आहे. नवी गाडी आली की आपण पहिल्यांदा तिला सीट कव्हर चढवतो. सीट खराब होऊ नये म्हणून. त्या कव्हराखाली मागच्या पट्ट्यांची कुलुपे, म्हणजे ज्यात पट्ट्याची जीभ खटकन बसते ती खाच, कायमची गाडली जाते. पुढे कोणाला पट्टा लावावासा वाटलाच तर खाच सापडत नाही. दहा वर्षे गाडी चालते आणि मागचे पट्टे कोरे करकरीत राहतात. काही जण पुढचा भोंगा वाजू नये म्हणून खाचेत नुसती बनावट चिमटी अडकवतात. अशा चिमट्या ऑनलाइन सर्रास मिळत होत्या. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना आदेश दिले, तेव्हा 13,118 ठिकाणची विक्री बंद झाली. गाडी आपल्याला सावध करते आहे आणि आपण पैसे देऊन तिचे तोंड बंद करतो.

भगिनींकडून आम्हाला नेहमी तीन-चार शंका विचारल्या जातात. त्यांची उत्तरे इथे देतो.

बुरख्यावरून किंवा ओढणीवरून पट्टा नीट बसत नाही, ही पहिली. पट्टा कापडाच्या जाड घड्यांवरून घेऊ नका. वरचे सैल कापड बाजूला सारून पट्टा अंगाशी घट्ट घ्या, मग कापड वरून सोडा. पट्टा गळ्यावर येऊ नये, खांद्याच्या मधून छातीवर तिरका यावा. खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. ब्रोच किंवा मोठी पिन पट्ट्याखाली येणार नाही हे पाहा.

गरोदरपणी पट्टा लावावा का? जरूर लावावा. खालची पट्टी पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या बाजूला, आणि वरची पट्टी दोन स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने. पोटावरून आडवी कधीच नको.

लहान मुलांचे काय? बाळासाठी वेगळी बालसीट मिळते. तान्ह्या बाळाची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवतात. महाग वाटते, पण दोन भावांच्या घरांत मिळून एक घेता येते, मूल मोठे झाले की बहिणीकडे जाते. आपण पाळणे असेच फिरवतो ना! थोड्या मोठ्या मुलाला उंच करणारी बैठक वापरली की पट्टा त्याच्या गळ्याऐवजी खांद्यावर येतो. मागे आडवी बाके असलेल्या गाड्यांत, जिथे मुले समोरासमोर बसतात, तिथे बहुधा पट्टेच नसतात. लांबच्या प्रवासाला अशा बाकांवर मुले बसवू नयेत.

कायद्यात हे आहे का? आहे. समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्या प्रवाशांनी पट्टा लावणे मोटार वाहन नियमांत बंधनकारक आहे. 2019 च्या दुरुस्तीपासून त्यासाठी 1,000 रुपये दंड आहे, आणि 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तरीही तेवढाच. पण दंडाच्या धाकाने लावलेला पट्टा टोलनाका ओलांडला की सुटतो, म्हणून आम्ही दंडावर फार भर देत नाही.

गाडी ठरवतानाही एक गोष्ट बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ओळखीवर भाड्याने घेतली की स्वस्त पडते. पण खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने चालवण्याला परवानगी नसते. अपघात झाला की विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते आणि जखमी प्रवाशांच्या भरपाईचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळतो. खालाअम्मींच्या घरच्यांनी हे पुरेपूर भोगले आहे. पिवळ्या पाटीची, परवाना असलेली गाडी घ्या. चालकाला आदल्या दिवशी दुसरे भाडे होते का, ते स्पष्ट विचारा. त्यात त्याचा अपमान नाही. त्याच्याही घरी मुले आहेत.

आणि एवढे करूनही वेळ आलीच तर? दुसऱ्याच्या दिव्याविना उभ्या ट्रॉलीवर आपला ताबा नसतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108, कुठल्याही आणीबाणीला 112, राष्ट्रीय महामार्गावर 1033. हे आकडे मुलांना पाढ्यांसारखे पाठ करवा, कारण अपघातात मोठ्यांचे भान हरपते, मुले मात्र कधी कधी नेमकी शुद्धीवर असतात. मानेला किंवा पाठीला मार लागलेल्याला, गाडी पेटण्याचा धोका नसेल तर, ओढून काढू नका. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा.

रुग्णालयाने आधी पोलीस, आधी पैसे असे म्हणता कामा नये. सरकारी असो की खासगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, कागद नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. मे 2025 पासून केंद्राची नवी योजना लागू आहे. तिच्यात अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. अपघात करून वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल झालेला बरा. तेव्हा दुःखाच्या दिवसांतही घरातल्या एकाने पोलीस पंचनाम्याची, वैद्यकीय कागदांची आणि बिलांची फाइल सांभाळावी.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबा. "पोलिसांच्या लफड्यात कोण पडेल" ही भीती आता कायद्याने दूर केली आहे. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याला रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही, चांगल्या हेतूने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर खटला होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये हे मान्य केले आणि 2019 च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. भीमेच्या काठच्या त्या ऊसतोड कामगारांना यातले एक कलम माहीत नव्हते. त्यांनी केले ते आपल्यालाही करता आले पाहिजे.

शेवटी एक विनंती, आणि ती घरातल्या बायकांना. सहलीच्या आदल्या दिवशी डब्यांची, औषधांची, मुलांच्या स्वेटरांची यादी तुम्हीच करता. घरातल्या पुरुषांना ती यादी ओलांडून जाता येत नाही, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहोत. त्याच यादीत वर चार ओळी वाढवा: आसने किती, माणसे किती, मागच्या खाचा कव्हराखालून बाहेर काढल्या का, चालक रात्री झोपला का, निघायचे ते उजाडल्यावर. माणसे आसनांपेक्षा जास्त झाली तर दोघांना एस.टी.ने पाठवा, नाहीतर दुसरी गाडी करा, नाहीतर यंदा घुमट आणि पुढच्या वर्षी हंपी असे वाटून घ्या. पाहुणे रुसतील. रुसू द्या, रुसवा ईदला निघतो.

हा अंक हातात पडेल तेव्हा सुट्टीला अजून थोडे दिवस असतील. घरात गाडी असेल तर आजच संध्याकाळी मुलांना घेऊन खाली जा, मागच्या सीटचे कव्हर उचला आणि तिन्ही खाचा शोधायला लावा. मुलांना तो खेळ वाटेल. सापडल्या की प्रत्येकाला आपापला पट्टा एकदा लावून, एकदा काढून दाखवायला सांगा, दादीलासुद्धा. दहा मिनिटांचे काम आहे.